सातारा शहर, एक दिवस, एकट्याने आणि पायी: क्रम कसा लावावा

उतारवाला

'साताऱ्यात एक दिवस आहे, एकटाच आहे, गाडी नाही, काय बघू?' हा प्रश्न दर सुट्टीच्या आधी कुणीतरी विचारतंच. उत्तरात लोक कास, ठोसेघर, सज्जनगड, बामणोली, लिंबची बारा मोटेची विहीर असं सगळं एका दमात सांगून मोकळे होतात. गाडीवाल्याला ते ठीक आहे. पायी हिंडणाऱ्याला त्यातलं एकही ठिकाण शहरात नाही. कास आणि ठोसेघर साधारण २५ किमी, सज्जनगड १५ च्या आसपास. म्हणून हा धागा फक्त शहरापुरता.

आधी शहराची ठेवण समजून घ्या. दक्षिणेला अजिंक्यतारा, पश्चिमेला यवतेश्वरचा डोंगर, आणि पूर्वेकडे जमीन उतरत उतरत माहुलीला कृष्णा-वेण्णेपर्यंत जाते. थोडक्यात, पश्चिम वर आणि पूर्व खाली. एसटी स्टँड आणि पोवई नाका खालच्या अंगाला, राजवाडा आणि समर्थ मंदिर वरच्या अंगाला. नाक्यावरून राजवाड्याकडे दोन रस्ते जातात. वरचा रस्ता म्हणजे राजपथ, खालचा म्हणजे कर्मवीर पथ. दोन्ही मोती चौकाच्या आसपास एकत्र येतात. अंतर दोन-सव्वादोन किलोमीटर. मोबाइल बंद पडला तरी काही अडत नाही: राजवाड्याकडे तोंड असेल तर किल्ला डाव्या हाताला दिसतो, स्टँडकडे निघालात की उजव्या.

यातून एकच नियम निघतो. चढ सकाळी उरकायचा आणि जमेल तितका चाकांवर. पायांनी चालायचं ते उताराला. बाहेरून आलेले बरोबर उलटं करतात: स्टँडवरून चालत निघतात, राजवाड्याला पोचेपर्यंत अकरा वाजतात, मग भर उन्हात किल्ला, आणि दुपारी तीनला पाय संपलेले.

माझा क्रम असा:

सकाळी साडेसहाला स्टँडवर चहा-पोहे. राजवाड्याकडे जाणारी शहर बस धरायची आणि राजवाड्याच्या अलीकडे अदालत वाड्यापाशी उतरायचं. तिथून वाट चढून किल्ल्याच्या डांबरी रस्त्याला लागते, पुढे दरवाजापर्यंत साधारण किलोमीटरभर. सावकाश गेलं तरी तासाभरात दरवाजात. गडाला फेरी दीड तास. साडेदहापर्यंत खाली. मग राजवाडा परिसर, मोती चौक, राजपथाने चालत खाली पोवई नाका, जेवण, दुपारच्या उन्हात संग्रहालय, आणि साडेचारनंतर चार भिंती (१८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक). सहा-साडेसहाला स्टँड.

गोडोलीकर

गडाबद्दल थोडी भर.

वर पिण्याच्या पाण्याचा भरवसा नाही. तळी आहेत, पण उन्हाळ्यात आटतात आणि एरवीही ते पाणी प्यायचं नाही. एका माणसाला दोन लिटर न्या. मार्च ते मे या महिन्यांत अडीच. खाणंही सोबत ठेवा. पिशवी उघडी ठेवू नका, माकडं आहेत.

एकामागे एक असे दोन दरवाजे. आत शिरल्यावर उजव्या हाताला मारुतीचं देऊळ. पुढे प्रक्षेपणाचा मनोरा दिसतो, त्याच्या रोखाने गेलं की ताराराणींच्या वाड्याचे अवशेष आणि कोठार लागतं. बहुतेक लोक मनोऱ्यापर्यंत जाऊन फोटो काढून परत फिरतात. खरी मजा तटावरून मंगळाईच्या देवळाकडे जाण्यात आहे. देवळाजवळच्या बुरुजावरून अख्खं शहर पायाशी येतं, आणि सकाळी बघितलेलं दुपारी चालताना फार उपयोगी पडतं: राजपथ कुठला, कर्मवीर पथ कुठला, स्टँड कुठे, सगळं वरून डोक्यात बसतं. हवा स्वच्छ असेल तर सज्जनगड, यवतेश्वरचं पठार, जरंडेश्वर, कल्याणगड, चंदन-वंदन ओळखता येतात. पावसाळ्यात ढग उतरले की दहा पावलांवरचंही दिसत नाही, त्या दिवशी तटाच्या कडेला जाऊच नका.

किल्ला शिलाहार राजा दुसऱ्या भोजाच्या काळचा, बाराव्या शतकाच्या अखेरचा मानतात. पण उभं राहून आठवायची गोष्ट १७०० सालची आहे. औरंगजेबाने डिसेंबर १६९९ मध्ये वेढा घातला, आत प्रयागजी प्रभू किल्लेदार. एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी सुरुंग उडवले, त्यातला दुसरा बाहेरच्या बाजूला फुटला आणि तटाखाली हल्ल्याला दबा धरून बसलेल्या त्यांच्याच सैन्यावर कोसळला. बुरुजावरून खाली नजर टाकली की हल्ला करणाऱ्यांना मागे सरायला जागाच नव्हती हे कळतं. पुढे किल्ला पडला, त्याचं नाव आझमतारा झालं, मराठ्यांनी परत घेतला. याच साताऱ्यात १२ जानेवारी १७०८ ला शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला, आणि गडाखालचं शहर वाढलं ते त्यांच्या काळात.

उतरताना एक पर्याय आहे. आल्या वाटेने न जाता पूर्वेकडे गोडोलीच्या बाजूला उतरा. म्हणजे थेट शहराच्या खालच्या अंगाला येता.

शुक्रवार_पेठ

गोडोलीकर, ती वाट पावसाळ्यात सांगू नका कुणाला. जून ते सप्टेंबर मुरमावर शेवाळ आणि वर गवत कमरेइतकं. एकटा माणूस घसरला तर हाक ऐकायला कुणी नसतं. डांबरी रस्त्याला दोन-चार चालणारे कायम असतात.

गोडोलीकर

बरोबर. नोव्हेंबर ते फेब्रुवारी एवढंच समजा. आणि उजाडायच्या आत किंवा अंधारात कुठल्याच वाटेने नको, किल्ला आणि यवतेश्वरच्या बाजूला बिबट्याचा वावर असतो.

एसटी_प्रेमी

पोचण्याबद्दल कुणीच लिहिलं नाही, आणि अर्धा दिवस तिथेच बुडतो.

पुण्याहून: स्वारगेटवरून विनाथांबा साताऱ्याच्या गाड्या दिवसभर असतात. अंतर ११० किमी. महिलांना एसटीचं निम्मं तिकीट. खासगी ट्रॅव्हल्स मात्र स्टँडवर येत नाहीत, महामार्गावर सोडतात, बहुधा बॉम्बे रेस्टॉरंट चौकात. कोल्हापूर-बेळगावच्या गाडीत बसला असाल तर कंडक्टरला चढतानाच विचारा, गाडी स्टँडला जाणार की बाहेरून. बाहेरून जाणारी असेल तर वाढे फाट्याला उतरवतात आणि तिथून रिक्षावाला म्हणेल ते भाडं.

रेल्वेने: तिकिटावर 'सातारा' लिहिलंय की 'सातारा रोड' ते दोनदा वाचा. सातारा रोड हे वेगळं स्टेशन आहे, कोरेगाव तालुक्यात पाडळीजवळ. सातारा स्टेशनसुद्धा शहरात नाही, माहुलीच्या अंगाला आहे, पोवई नाक्यापासून पाचेक किलोमीटर. चालत येण्यासारखा रस्ता नाही, ट्रक आणि उसाच्या ट्रॉल्या असतात.

पोवई नाक्यावर ग्रेड सेपरेटर, म्हणजे नाक्याखालून जाणारा भुयारी रस्ता, आहे. रिक्षा किंवा गाडी त्या भुयारात शिरली की नाक्यावर उतरता येत नाही, पलीकडच्या तोंडालाच बाहेर पडते. म्हणून रिक्षात बसताना 'नाक्यावर, वरून' असं सांगायचं. पायी चालणाऱ्यांनी भुयारात शिरायचंच नाही. भाडं आधी ठरवा.

निळी_छत्री

एकट्या बाईसाठी काही वेगळं सांगाल का कुणी? विशेषतः स्वच्छतागृह आणि चार भिंती.

मीठ_भाकर

निळी_छत्री ताई, गडावर स्वच्छतागृह नाहीच असं धरून चाला. स्टँडवर उरकून निघा, नंतर थेट राजवाड्याजवळ किंवा मोती चौकाच्या आसपास एखाद्या बऱ्या हॉटेलात चहा घेऊन. दुपारी संग्रहालय आहेच.

गडावर सकाळी सहा ते नऊ शहरातल्या बायकांची चालायला गर्दी असते, त्या वेळेत अगदी निर्धास्त. दहानंतर गड रिकामा होतो. चार भिंतीला उजेड असेपर्यंत घरचे लोक, म्हातारी माणसं, पोरंसोरं सगळे असतात. दिवे लागायच्या आधी मात्र खाली या. तिन्हीसांजेनंतर तिथे टोळकी बसतात.

राजपथाला रात्री साडेआठ-नऊपर्यंत वर्दळ असते. दुकानं बंद झाली की हाच रस्ता एकदम सुना होतो, तेव्हा रिक्षा करा.

पायपीटकार

उतारवाला यांच्या क्रमात एक अडचण आहे. राजवाड्याची चौपाटी संध्याकाळी लागते. तुम्ही माणसाला सकाळी अकराला राजवाड्यावरून नेताय आणि संध्याकाळी स्टँडजवळ सोडताय. म्हणजे भेळ-पाणीपुरीसाठी परत दोन-अडीच किलोमीटर वर. किंवा भेळ विसरा.

कोरड्या दिवसांत मी उलटं सुचवेन. गडावरून गोडोलीला उतरा, चालत पोवई नाका, तिथे कर्मवीर भाऊराव पाटलांची समाधी आणि रयत शिक्षण संस्थेचा परिसर (संस्था १९१९ साली काले गावात सुरू झाली, १९२४ ला साताऱ्यात आली). जेवण. बारा ते दोन संग्रहालय. तीनला खोलीवर किंवा बागेत पाठ टेका. साडेचारला स्टँडवरून राजवाड्याची बस, भाडं किरकोळ. पाच वाजता राजवाडा, सहाला गांधी मैदानावर चौपाटी, आणि मग पेढे घेत राजपथाने उतारावर चालत स्टँड. गड सोडला तर चढ एकदाही पायांवर नाही.

उतारवाला

चालेल, पण मग चार भिंती सुटतात, आणि राजवाड्याचा परिसर संध्याकाळी बघण्यासारखा राहत नाही. गाड्या, स्कूटर, फुगेवाले. सकाळी अकराला लाकडी काम नीट दिसतं, उभं राहायला जागा असते. शिवाय जुन्या राजवाड्यातलं प्रतापसिंह हायस्कूल. ७ नोव्हेंबर १९०० ला भीमराव आंबेडकरांचं नाव याच शाळेत घातलं गेलं, राज्यात तो दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात. चालती शाळा आहे. वर्ग सुरू असताना सरळ आत शिरू नका, कार्यालयात विचारा. सुट्टीच्या दिवशी बाहेरूनच बघावं लागतं.

मी तरी भेळेपेक्षा हे निवडेन. ज्याची त्याची आवड.

पायपीटकार

भेळ सोडा म्हणणारा सातारकर पहिल्यांदाच पाहिला.

शुक्रवार_पेठ

दोन्ही जमतं. उतारवाला यांचा क्रम ठेवा, फक्त शेवटची रात्रीची गाडी नको असेल तर साताऱ्यात मुक्काम करा. मग चार भिंतीवरून उतरून राजवाड्याला बसने जा, खा, आणि चालत परत या. एका दिवसात परत जायचंच असेल तर एक काहीतरी सोडावंच लागतं.

पेठांबद्दल कुणी लिहिलं नाही. राजपथ आणि कर्मवीर पथ हे दोनच रस्ते चालून गेलात तर साताऱ्यात फक्त कापड-भांड्यांची दुकानं आहेत असं वाटेल. मोती चौकातून खाली न जाता अर्धा तास आतल्या गल्ल्यांना द्या. वारांच्या नावाच्या पेठा आहेत, शिवाय यादोगोपाळ, चिमणपुरा, व्यंकटपुरा. मंगळवार तळं बघा: चारही बाजूंनी दगडी बांधकाम. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की पायऱ्यांची रचना दिसते, पावसानंतर नुसतं भरलेलं तळं दिसतं, म्हणजे एप्रिलमध्ये आलेल्याला जास्त कळतं. राजपथावर कमानी हौदापाशी थांबा. डोंगरातलं पाणी खापरी नळांनी पेठांमधल्या हौदांत आणायची सोय इथे नळयोजनेच्या कितीतरी आधीची. बिनपंपाचं पाणी उतारानेच येतं, त्यामुळे हौद, पेठा आणि उतार यांचा मेळ चालतानाच लक्षात येतो. नंतर शहराला कासच्या तलावाचं पाणी आलं.

जलमंदिर आणि अदालत वाडा ही राजघराण्याची निवासस्थानं आहेत. दार उघडं दिसलं म्हणून फोन पुढे करून आत जाऊ नये.

घाटमाथा

संग्रहालय: स्टँडजवळ हजेरीमाळावर नवी इमारत. सोमवार टाळा. वाघनखं बघायला म्हणून येणाऱ्यांसाठी: लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आलेली वाघनखं जुलै २०२४ पासून काही महिने इथे होती, नंतर नागपूरला गेली. आता त्यासाठी यायचं कारण नाही. शस्त्रं, कागदपत्रं, वस्त्रं यांसाठी मात्र जरूर जा. दीड तास पुरतो.

चार भिंती म्हणजे १८५७ च्या हुतात्म्यांचं स्मारक. त्याच्या आधी, १८३० च्या सुमारास, दसऱ्याची मिरवणूक राजघराण्यातल्या स्त्रियांना बघता यावी म्हणून प्रतापसिंह महाराजांनी ती जागा बांधली असं सांगतात, म्हणून जुनी माणसं नजर बंगला म्हणतात. मिरवणूक पोवई नाक्याच्या दिशेने यायची हे तिथे उभं राहिलं की पटतं. चढ अर्ध्या तासाच्या आतला.

निळी_छत्री

आणि सामान? पाठीवरची सॅक घेऊन गड चढायचा का?

एसटी_प्रेमी

चार-पाच किलोपेक्षा जास्त असेल तर नको. स्टँड आणि पोवई नाक्याच्या मधल्या पट्ट्यात लॉज आहेत, काही तासांसाठी खोली देतात. दिवसभर सामान, दुपारी अंघोळ आणि तासभर आडवं होणं, एवढ्या तिन्हीसाठी ते भाडं वसूल होतं. ओळखपत्राची मूळ प्रत लागते, फोनमधला फोटो सगळे चालवून घेत नाहीत. कासच्या फुलांच्या दिवसांत, म्हणजे ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, शनिवार-रविवारी खोलीची आशा धरू नका. त्याच काळात हिल हाफ मॅरेथॉन असते. त्या रविवारी सकाळी पोवई नाका ते यवतेश्वर हा सगळा पट्टा धावणाऱ्यांचा असतो. रस्ते बंद, बस नाही. तारीख बघूनच आरक्षण करा.

मीठ_भाकर

पेढ्यांचं मी लिहिते, नाहीतर लोक चुकीचे घेऊन जातात.

कंदी पेढा म्हणजे मऊ, पांढरट, वेलची-पिस्त्याचा पेढा नव्हे. म्हशीच्या दुधाचा खवा तुपावर तांबूस होईपर्यंत भाजलेला, साखर बेताची, दाणा थोडा रवाळ. बोटांत दाबला की चिकटत नाही, भुगा होऊन सुटतो आणि तुपाचा ओशटपणा राहतो. फार गडद असेल तर खवा करपलेला, कडवट लागतो. एकदम गुळगुळीत असेल तर भाजणी कमी पडलेली, लवकर आंबतो. चव घेऊनच घ्या, सगळे दुकानदार देतात.

एकट्याला पाव किलो भरपूर. ताज्या घाण्यातले गरम पेढे मिळाले तर खोका बंद करू नका. वाफ आत कोंडते, पाणी सुटतं, तिसऱ्या दिवशी बुरशी. तासभर झाकण अर्धवट ठेवून गार होऊ द्या. चांगले भाजलेले पेढे थंडीत आठवडाभर बाहेर टिकतात, उन्हाळ्यात चार दिवस धरा. आणि पेढे सगळ्यात शेवटी घ्या. सकाळी घेऊन दिवसभर सॅकमध्ये फिरवले की संध्याकाळी तूप खोक्यातून कपड्यांवर.

मंडईच्या आसपास किराण्याच्या दुकानात कोरेगावकडचा वाघ्या घेवडा मिळतो, अंगावर लाल रेघा असलेला. अर्धा किलो घ्या, पेढ्यांपेक्षा जास्त दिवस साताऱ्याची आठवण देतो. डिसेंबर ते मार्च महाबळेश्वरची स्ट्रॉबेरीही येते, पण बसमध्ये तिचा लगदा होतो. उचलून तिथेच खा.

पायपीटकार

जेवणाबद्दल एकच. दुपारी साडेबारा ते दीड खानावळींत टेबल मिळत नाही, एकट्याला तर चौघांच्या टेबलावर कोपऱ्यात बसवतात. पावणेबाराला जा किंवा दोननंतर. भाकरी ज्वारीची की बाजरीची ते विचारून घ्या, थंडीत बाजरीची मागा.

घाटमाथा

रेल्वेने येणाऱ्यांसाठी माहुली सुटू नये. स्टेशनच्या बाजूचीच आहे. पहाटेच्या गाडीने आलात तर आधी रिक्षाने संगम माहुली, मग शहर. कृष्णा-वेण्णेचा संगम, घाट, आणि श्रीपतराव पंतप्रतिनिधींनी १७३५ च्या सुमारास बांधलेलं विश्वेश्वराचं देऊळ. रामेश्वराचं देऊळ पलीकडच्या काठावर, क्षेत्र माहुलीत. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे तिथलेच. घाटावर राजघराण्यातल्या समाध्या आहेत आणि शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याचीही. पावसाळ्यात पाणी घाटाच्या पायऱ्यांवर असतं, गाळाने पाय सरकतो, तेव्हा वरच्या पायरीवरूनच बघा. रिक्षा थांबवून ठेवा, नाहीतर परत फिरताना मिळत नाही. एकूण तास-सव्वातास.

हे धरलंत तर चार भिंती सोडा.

शुक्रवार_पेठ

आणि बोगद्यापलीकडचा खिंडीतला गणपती? समर्थ मंदिरावरून चालत किलोमीटर-दीड किलोमीटर, झाडी छान आहे.

उतारवाला

सुंदर जागा आहे, पण समर्थ मंदिरापासून बोगदा म्हणजे सज्जनगड-ठोसेघरची सगळी वाहतूक. बोगद्यात पायी चालणाऱ्याला कड नाही. जायचंच तर सकाळी आठच्या आत, चमकदार रंगाचा शर्ट घालून. शनिवार-रविवारी नाही.

एसटी_प्रेमी

परतीचं सांगून ठेवतो. रविवारी संध्याकाळी पाच ते साडेआठ पुण्याच्या विनाथांबा फलाटावर रांग स्टँडच्या बाहेरपर्यंत जाते. महाबळेश्वर, कास आणि गावाकडून परतणारे सगळे एकाच वेळी येतात. आरक्षण सकाळीच करून ठेवा. ते नसेल तर कोल्हापूर-सांगलीकडून येणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांच्या मागे धावू नका, त्या भरून येतात. साताऱ्याहून सुटणाऱ्या गाडीच्या रांगेतच उभे राहा. दर गाडीला चाळीस-पंचेचाळीस माणसं कमी होतात, तेव्हा पुढची डोकी मोजा आणि किती गाड्या सोडाव्या लागतील त्याचा हिशेब करून मगच पाण्याची बाटली आणायला रांग सोडा.

निळी_छत्री

शनिवार धरते मग. राजवाडा सकाळी, चार भिंती उजेडात, भेळ नाही.

पायपीटकार

भेळ बांधून मिळते हो.

मीठ_भाकर

बांधून घेतलीच तर चटण्या वेगळ्या घ्या.